गाडा अल्याडच होता

मरीमायचा गाडा शिवेवर सोडला का मागं वळून पाहाचं नसते. सावरटोल्यातल्या शेंबड्या पोट्ट्यालेही हे मालूम होतं. पाह्यलं तं माय मागं मागं चालत येते, अन् ज्यानं पाह्यलं त्याच्याच घरात पह्यले शिरते. सुखरामलेही मालूम होतं, तरी त्यानं पाह्यलं.

त्याची ते खोडच होती. कोणी म्हटलं अमुक करू नको का त्याचा हात नेमका तिकडं जाये. सातवीत मास्तरनं वर्गात उभं केलं तं हा खिडकीतून उडी मारून घरी आला, तो आलाच, शाळेचं तोंड पुन्हा पाह्यलं नाही. आता मिसरूड फुटली होती. भाऊ दुलीचंदसंगं धानाची शेती करे, कोणी काही बोललं का लगेच अंगावर जाये. पण नजर मोठी तिखट. कोणाची बकरी कोणाच्या बांधीत शिरली हे त्याले घरधन्याच्या आधी दिसे.

तवा अठ्ठावन साल होतं, चैत संपत आलता, अन् रामपायलीच्या अंगानं कोसभरावरच्या या गावात हैजा, म्हणजे पटकी, शिरला होता. हैजा आला का गाडा काढाचा, हे बापजाद्यापासून. गाडा म्हणजे गुडघाभर उंच, लाकडाच्या चाकाचा. त्यात मातीची मरीमाय बसवाची, हिरव्या बांगड्या, निंबू, कुंकू, अन् दर घरून मूठभर तांदूळ अन् एक झिजलेला झाडू. वाजतगाजत ओढत न्याचा, अन् नाल्यापार सोडून याचा. गावची पीडा गाड्यासंगं गेली. कुठं गेली? पल्याडच्या गावाले. ते गाव आपला गाडा त्याच्या पुढच्या गावाले सोडे. अशी माय गावोगाव हिंडत राहे, अन् हिंडता हिंडता ती फिरून आपल्याच दारात येईल हे कोणाच्या मनातच येत नव्हतं.

हा गाडा ओढाचं काम आजवर खालच्या टोल्याचं, नाल्याकडच्या महारवस्तीचं होतं. पण छप्पनच्या दसऱ्याले टोल्यातली माणसं नागपूरले गेलती अन् बौद्ध होऊन आलती. तवापासून त्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, डफडं वाजवणं सोडलं, घरातले देव नदीत सोडले. औंदा गाड्याची वेळ आली तं टोल्यातला फकिरा गावच्या पटेलाच्या अंगणात उभा राहून सांगून गेला का आमी आता हे काम करत नाही, तुमची माय आहे, तुमीच न्या. भांडण नाही, आवाज नाही. पटेलाले ते जास्तच लागलं.

मंग गाडा ओढाले वरच्या गावचे तिघं निघाले: सुखराम, पटेलाचा पोरगा प्रेमलाल, अन् त्यांच्यासंगं फिरणारा मोतीलाल. ओढाची सवय कोणाले होती? नाल्याच्या उतारावर पोचेपर्यंत तिघांचे हात सोलले. नाला कोरडा होता, नुसती रेती. पल्याडच्या थडीवर त्या गावची माणसं काठ्या घेऊन उभी होती, गाडा येऊ देणार नाही म्हणून. मागून मोहाच्या झाडाखालून गावात पूजापाठ सांगणारा चैतराम महाराज ओरडला, सोडा अन् फिरा. तिघांनी उतारावर गाडा ढकलला, पाठ फिरवली अन् लांब लांब पावलं टाकत निघाले.

तवाच सुखरामनं मान वळवली. जराशीच. गाडा गडगडत उतरला, रेतीत चाक रुतलं, अन् नाल्याच्या मधात पोचाच्या आधीच कलंडून उभा राह्यला. अल्याड. खालच्या टोल्याच्या विहिरीपाशी.

घरी आल्यावर त्यानं कोणाले काही सांगितलं नाही. काय सांगन?

आठवडा उलटला नसन अन् चिमी गेली. चिमी म्हणजे दुलीचंदची पोरगी, चौथं लागलतं. सकाळी अंगणात चिंचोके मांडून बसली होती, संध्याकाळपर्यंत डोळे आत गेले, अन् दुसऱ्या दिवशी दुलीचंदनं तिले दोन हातावर उचलून नेलं. सुखराम संगं गेला. जाता-येता पूर्ण वाट तो पायाच्या अंगठ्याकडं पाहून चालला.

त्याच्यानंतर त्याले घरात बसवेना. दुलीचंदची बायको, सीतावयनी, रडाले लागली का तो उठून गोठ्यात जाये. त्याची माय, मैनाबाई, शेजारणीले सांगे का पोट्ट्याचा मोठा जीव होता पोरीवर. जीव तं होताच. पण आत जे टोचत होतं ते वेगळंच होतं. म्या पाह्यलं म्हणून मेली. एवढंच एक वाक्य, उठता-बसता.

अशा माणसाले कोणी दुसऱ्याकडं बोट करून दाखवलं तं तो काय करन? ते बोट दोन्ही हातानं धरन.

बोट दाखवणारा चैतराम होता. गावचाच माणूस, तरणेपणी साधूंच्या मागं निघून गेलता, काही सालानं परत आला तं कपाळभर गंध अन् लाल कपड्यात बांधलेली पोथी घेऊन आला. पोथी तो सोडे कमी. बांधलेल्या पोथीवर हात ठेवूनच बोले. घरी आपल्यासारखी मराठी, पण धरमाचं बोलणं निघालं का हिंदीत शिरे, अन् तो हिंदीत शिरला का लोकं मांडी आवरून बसत. वाईट माणूस होता असं नाही. याच हैज्यात त्याची बायको गेलती. जे बोले त्याच्यावर त्याचा स्वतःचा पक्का विश्वास होता, अन् पंचाईत तेच होती.

एक दिवस सकाळी त्यानं माता मायच्या ओट्यापाशी, कडुनिंबाखाली गाव जमवलं. अन् शिडी चढावी तसा एक एक पाय वर टाकत गेला. गाडा आपण शिवेपार सोडला का नाही? लोकं म्हणाले, हौ. आज तो कुठं दिसून राह्यला? अल्याड, टोल्याच्या विहिरीपाशी. गाड्याले पाय आहेत का? नाही. मंग कोणी तं ओढून आणला असन. कोण आणन, ज्यानं आपले देव नदीत सोडले तोच ना? देवीच्या वाटेत आडवं कोण येते? राक्षस. अन् राक्षसाले मारणं पाप का पूजा?

"पूजा," लोकं म्हणाले.

"तो फिर," चैतराम म्हणाला, "टोले में जो आग लगेगी, वो हम नहीं लगा रहे. हम तो हाथ हैं. लगाने वाली माँ है."

एका म्हाताऱ्यानं भेत भेत विचारलं का महाराज, तिथं बायाबापड्या आहेत, लेकरं आहेत. चैतराम त्याच्यावर चिडला नाही. शांतपणानं म्हणाला का वाघाचं पिल्लू लहान आहे म्हणून कोणी घरात पोसत नाही. अन् सगळ्यात मोठी निशाणी तं तुमच्या डोळ्यासमोरच आहे. वरच्या गावात इतके मेले, टोल्यात एक तरी मेला का? नाही मेला. त्यांनी मायले आपल्या विहिरीपाशी बांधून ठेवलं अन् आपल्यावर सोडलं, याच्यापेक्षा अजून काय पुरावा पाहिजे?

सुखराम पह्यल्या रांगेत बसला होता. शिडीचा पह्यलाच दांडा सडका आहे हे त्या पूर्ण गर्दीत त्याले मालूम होतं. गाडा कोणी आणला नव्हता, गाडा गेलाच नव्हता. पण तो दांडा काढला तं खाली तोच पडत होता. म्हणून तो सगळ्यात जोरात ओरडला. जाळून टाकू, म्हणाला. त्याच्यानंतर प्रेमलाल ओरडला, मंग मोतीलाल. चैतरामनं तिघांच्या पाठीवर हात फिरवला.

ठरलं ते असं: दिवेलागणीले निघाचं. प्रेमलालनं घरून मातीतेलाचा पिपा आणाचा. अन् सुखरामनं दुपारी टोल्यात एक चक्कर मारून पाहून याचं का माणसं कुठं बसतात, कोणत्या घरच्या छपराचं तणस वाळलेलं आहे. घरी येऊन सुखराम जेवाले बसला अन् कित्येक दिवसानं त्याले भूक लागली. मैनाबाईनं आणखी भात वाढला, अन् तोही त्यानं खाल्ला.

दुपारी तो बैल शोधाच्या मिषानं टोल्याकडं उतरला. ऊन असं का डोळे उघडवेना. टोला गुपचाप होता, कुत्रंही भुंकलं नाही. गाडा जिथं थांबला होता तिथंच, तसाच कलंडून उभा होता. चाक अर्धं रेतीत. तांदळाले मुंग्या लागल्या होत्या, बांगड्या जागच्या जागी. अन् सुखरामच्या नजरेनं एक गोष्ट टिपली. विहिरीची जुनी पायवाट गाड्याजवळून जात होती. आता ती मोडली होती अन् बाजूनं, बाभळीच्या काट्यातून, नवी वाट पडली होती. बाया डोक्यावर पाण्याच्या गुंड्या घेऊन काट्यातून जात होत्या, पण गाड्याजवळून नाही. ज्यानं ओढून आणला तो असा काट्यातून काहून जाईन?

तेवढ्यात नाल्याकडून चार माणसं वर आली. एकाच्या खांद्यावर फावडं. पुढं फकिरा होता. फकिरानं कितीक साल दुलीचंदच्या घरी सालदारकी केली होती. चिमी रांगत होती तवा त्याच्याच खांद्यावर बसून बांधीवर जाये.

"काय शोधून राह्यला बाबू?" त्यानं विचारलं.

"ढवळा सुटला."

"ढवळा तं तळ्यात बसला आहे. येता येता दिसला." फकिरा थांबला नाही, चालता चालताच बोलला. सुखरामनं विचारलं का एवढ्या उन्हात कुठून येऊन राह्यले. "पोराले माती देऊन," तो म्हणाला. बाजारातून आलो म्हणावं तसं म्हणाला.

 दोन पावलं जाऊन फकिरा मागं फिरला अन् गाड्याकडं हात करून म्हणाला, "पटेलाले दोन खेपा सांगून आलो का हा उचला म्हणून. आमच्या बाया पाण्याले जाताना भेतात. आमी सोडलं म्हणजे लगेच भेव जाते का? अन् आमी हात लावावा तं तुमी म्हणान, आमीच पळवला. तू तरी सांग वर."

जवळच्याच घरातून त्याच्या बायकोचा, गोदाबाईचा, रडण्याचा आवाज येत होता. मधातच आवाज तुटे, ती लेकराचं नाव घेये, मंग पुन्हा सुरू. सुखरामनं हे रडणं ऐकलेलं होतं. सीतावयनी असंच रडे, नाव घेऊन. कोणाच्या घरचं तणस वाळलेलं आहे ते न पाहताच तो परत फिरला.

ओट्यापाशी माणसं जमू लागली होती. पटेल खाटेवर बसला होता. कडुनिंबाच्या बुडाशी मातीतेलाचा पिपा ठेवला होता अन् पोट्टे काठ्यांच्या टोकाले चिंध्या बांधत होते. भिंतीच्या आडोशानं बायाही येऊन उभ्या राह्यल्या होत्या. चैतरामनं विचारलं, काय पाहून आला? सुखरामनं एवढंच सांगितलं का फकिराचं लहानगं पोरगं हैज्यानं मेलं, आताच माती देऊन आले.

त्याले वाटलं होतं, हे ऐकून महाराज थांबन. टोल्यात कोणी मरत नाही हीच तं त्याची मोठी निशाणी होती. ती गेली.

चैतरामनं पोथीवर हात ठेवला, डोळे मिटले अन् उघडले.

"देखा?" तो म्हणाला. "माँ ने अपना काम शुरू कर दिया. न्याय तिनंच सुरू केला, आता आपण हात आखडला तं ती म्हणन, मले एकटीलेच लढाले लावलं. अब तो रुकना ही पाप है."

लोकांनी माना हलवल्या. सकाळी हलवल्या होत्या तशाच. प्रेमलाल पिपा उचलाले वाकला.

सुखरामच्या कानात काहीतरी खट्ट वाजलं. राग त्याले नेहमीच येत होता, पण आजवर तो माणसावर येत होता. आज पह्यल्यांदा बोलण्यावर आला.

"महाराज," तो म्हणाला, "सकाळी टोल्यात कोणी मेलं नव्हतं म्हणून जाळाचं होतं. आता मेलं म्हणून जाळाचं. मंग काय झालं असतं म्हणजे जाळाचं नसतं, तेवढं सांगा."

कोणीतरी पोट्टं फिसकन हसलं अन् गप झालं. चैतराम म्हणाला का शास्त्रात उलटसवाल चालत नाही. सुखराम म्हणाला का म्या शास्त्राले नाही विचारलं, तुमाले विचारलं. पटेलानं दटावलं का ए, तोंड सांभाळ. चैतराम उठून उभा राह्यला अन् सगळ्यांकडं पाहत म्हणाला का पाहा, टोल्यात एक चक्कर मारून आला अन् पोरगं फिरलं. जो राक्षसाची बाजू घेते तोही कोण असते, हे म्या सांगाले पाहिजे का?

आता एकच दांडा उरला होता. सुखरामनं दुलीचंदकडं पाह्यलं. भाऊ खाली बसून काडीनं माती उकरत होता. पोरगी गेली तवापासून तो असाच, कुठंही बसला का माती उकरे. पण जीभ सुरू झाली होती.

"गाडा टोल्यानं आणला नाही," तो म्हणाला. "तो पार गेलाच नव्हता. चाक रेतीत रुतलं, अन् तो अल्याडच थांबला."

"तुले कसं मालूम?"

हे कोणी विचारलं ते कळलं नाही. पण विचारता विचारताच सगळ्यांच्या ध्यानात आलं का हे मालूम होण्याची एकच तरहा आहे. 

"म्या मागं पाह्यलं," सुखराम म्हणाला. अन् मंग ते दुसरंही बाहेर आलं, जे त्याले बोलाचं नव्हतं. "भाऊ, म्या पाह्यलं म्हणून चिमी गेली."

दुलीचंद उठला. दोन पावलं चालला अन् सुखरामच्या कानशिलात अशी ठेवून दिली का तो ओट्यावर जाऊन आपटला. दुसरा हात वर गेला, पण तो वरच राह्यला. दुलीचंदलेही समजत नव्हतं का तो कोठं ठेवावा.

"म्या बी पाह्यलं होतं."

प्रेमलाल बोलला होता. पिपा त्याच्या हातातच होता. बापाकडं न पाहता, पिप्याकडं पाहून तो सांगत होता का मले वाटलं पल्याडचे लोकं काठ्या घेऊन मागं येतात का काय, म्हणून पाह्यलं, गाडा अल्याडच होता. मंग मोतीलाल रडाले लागला. त्याच्या घरी त्याची आजी गेलती. तो म्हणाला का मी रोज मनात म्हणत होतो, आजी माह्यामुळं मेली. जाळू म्हणून सकाळी सगळ्यात जास्त ओरडणारे ते तिघं, अन् आता एकमेकाकडं असे पाहत होते का जसे एकाच झाडावर चोरी कराले चढले अन् वर गाठ पडली.

चैतरामचा चेहरा उतरला होता. त्यानं मोहाखालून गाडा जाताना पाह्यला होता, पार होताना पाह्यला नव्हता. पार झालाच असन, असं त्यानं धरलं होतं. पण चढलेल्या शिडीवरून उतरणं त्याले येत नव्हतं. तो म्हणाला का ठीक आहे, मंग हे तिघं. हेच मायच्या वाटेत आले. जो वाटेत आला तो राक्षस, घरचा असो का बाहेरचा. माय यांचंच मागते.

तिघांत एक पटेलाचा होता. पटेल सकाळपासून शास्त्र नीट ऐकत होता, त्याले कुठंच खटकलं नव्हतं. आता तो खाकरला, धोतराचा सोगा झटकला अन् म्हणाला, "महाराज, आता बास करा. पोरांचा खेळ आहे हा."

"पोरांचा खेळ?" चैतराम म्हणाला. पटेल दुसरीकडं पाहू लागला.

बायांच्या घोळक्यातून सीता पुढं आली. चिमी गेल्यावर ती घराबाहेर पडलीच नव्हती. सासरा-जेठांसमोर, गावच्या मोठ्या माणसांसमोर, ती कधी बोलत नव्हती, डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता, पण आवाज सगळ्यांले ऐकू गेला. ती सुखरामजवळ आली.

"मागं पाह्यल्यानं लेकरू मरत असतं," ती म्हणाली, "तं कोण्याच बाईचं लेकरू जगलं नसतं. आमी तं दिवसभर मागंच पाहतो. पाणी आणताना, निंदाले जाताना. लेकरू येऊन राह्यलं का नाही म्हणून. टोल्यातली फकिराची बायकोही पाहत असन."

 चैतराम पोथी छातीशी धरून घराकडं निघाला. त्याच्यामागं दोघं-तिघं गेलेही. सगळेच उमगले असं झालं नाही. जाता जाता एक जण पुटपुटला का हैजा वाढला तं पाहून घेऊ. बाकीचे काठ्यांच्या चिंध्या सोडू लागले. मैनाबाई भिंतीआडून आली, प्रेमलालच्या हातचा पिपा घेतला अन् कमरेवर ठेवून चालू लागली. घरात दिव्याले थेंब नाही, म्हणे, अन् हे निघाले उजेड कराले.  तेल पटेलाचंच होतं.

दुलीचंद त्या रात्री जेवला नाही, सुखरामशी बोललाही नाही.

सकाळी तिघं गाडा आणाले निघाले. आणून कुठं ठेवाचा याच्यावरून वाटेतच तंटा. प्रेमलाल म्हणे, आता नीट पार नेऊन सोडू, दूरपर्यंत. मैनाबाई शेण टाकत होती, तिनं ऐकलं. तिची सख्खी बहीण नाल्यापल्याडच दिलेली. "माह्या बहिणीच्या दारात हैजा टाकता का?" ती म्हणाली. "माय आपली आहे तं आपल्या ओट्यावर बसन. तिले काहून गावोगाव हाकलता?" प्रेमलाल डोकं खाजवत राह्यला. एवढी साधी गोष्ट, अन् आजवर सगळ्या गावांनी एकमेकाच्या बहिणींच्या दारात टाकली होती.

नाल्यात उतरून चाक उकरत होते तं मागून पावलं वाजली. दुलीचंद होता. त्यानं दुसरीकडून गाडा धरला.

"असं नाही," थोड्या वेळानं तो सुखरामले म्हणाला. "खालून हात घाल. चाक तुटन."

रात्रीनंतरचं ते पह्यलं बोलणं. सुखरामनं खालून हात घातला. चौघांनी मिळून गाडा वर काढला. टोल्यातल्या बाया विहिरीवरून पाहत होत्या. अन् गावात गाडा शिरला तं लोकंही दारात उभं राहून चांगले डोळे उघडे ठेवून पाहत राह्यले. त्याच दिवशी पटेलानं माणूस धाडला, अन् दुसऱ्या दिवशी बालाघाटहून सुईवाले आले. वर सुई दिली, टोल्यातही दिली, पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेले. हैजा हळूहळू ओसरला. चैतराम अजूनही म्हणे का ते सुईनं नाही, माय ओट्यावर बसली म्हणून. म्हणू दे. आता त्याच्यासाठी कोणाचं घर जाळाचं नव्हतं.

गाडा आणला त्याच संध्याकाळी सुखराम टोल्यात गेला. फकिराच्या दारात उभा राह्यला. आदल्या दिवशी काय ठरलं होतं, कोणी ठरवलं, तो सगळ्यात जोरात कसा ओरडला, ते सगळं सांगून मोकळा झाला. फकिरानं मधात एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, "आमाले कळलं होतं. आमच्याही पोरांनी दगड जमवून ठेवले होते. मी म्हणत होतो का आपण जो रस्ता धरला त्याच्यात हे बसत नाही, तं मलेच भेकड म्हणत होते." अन् मंग म्हणाला, "येतो आमी उद्या. वयनीले भेटाले."

"या फकिराभाऊ," सुखराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर फकिरा अन् गोदाबाई आले अन् अंगणात, ओसरीच्या खाली थांबले. सालदार असताना फकिरा जिथं थांबे तिथंच. सीता दारात आली.

"तिथं काहून उभ्या बाई? वर या ना."

गोदाबाईनं फकिराकडं पाह्यलं, फकिरानं दुलीचंदकडं. दुलीचंद सतरंजीवर जरा बाजूले सरकला. चौघं बसले.  सुखरामनं आतून पाण्याचा तांब्या आणला. फकिरानं सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. सुखराम ओतणारच होता, तं मैनाबाई चुलीपाशून बोलली, "गिलास नाही का घरात? लोकं आले तं गिलास देत असतात."

सुखरामनं गिलास आणून हातात दिला. फकिरा पाणी पेला, गिलास खाली कुठं ठेवावा ते त्याले कळेना, मंग दुलीचंदनंच तो घेऊन बाजूले ठेवला. शेजारची म्हातारी कुडावरून डोकावून पाहत होती.

"काय पाहून राह्यली आजी," सुखराम म्हणाला, "तुलेही पाणी पाहिजे का?" तिचं डोकं खाली गेलं.

गोदाबाई पदर चाळवत होती. मंग सीताकडं पाहून तिनं विचारलं, "किती सालाची होती?"

"चौथं लागलतं. अन् तुमचा?"

"तिसरं. बोलाले नुकताच लागला होता. सगळ्यांले मामाच म्हणे. बापालेही मामा."

सीताले हसू आलं, अन् हसता हसताच रडू आलं. मंग ती सांगू लागली का चिमी कशी भाताचा चिखल करून खाये, अन् गोदाबाई सांगू लागली का पोराले कसं गूळ दिसला का झोप येत नव्हती. बाहेर अंधार पडाले आला. मैनाबाईनं पटेलाच्या तेलाचा दिवा लावून ओसरीत ठेवला. माणसं उठून अंगणात बिडी ओढाले गेली, पण बायांचं बोलणं सरलं नव्हतं.